जुळलं नाही

"मावशी, थे हाडं देवानंदचे नाईत," हवालदार आरतीनं रिपोर्ट टेबलावर ठेवत सांगितलं.

ठाण्यात समोर बसलेल्या तानुबाईनं तो कागद हातात घेतला. चांदूर बाजारकडच्या एका खेड्यात ती वांगी आणि झेंडू लावायची. नवरा कधीचाच गेलेला. एकुलता देवानंद कामाला म्हणून अकोल्याला गेला तो परतलाच नाही. पुढे एका पडीक विहिरीत माणसाची हाडं सापडली, सोबत स्टीलचं कडं. कडं पाहताच तानुबाईनं सांगितलं, की हे माझ्या लेकाचं. पूर्वी तेवढ्यावर हाडं हवाली करून मोकळे व्हायचे. आता डीएनए जुळल्याशिवाय देता येत नाही, म्हणून तिचं रक्त घेतलं. प्रयोगशाळेत नमुन्यांची थप्पी लागलेली. रिपोर्ट यायला दुसरी दिवाळी उलटली.

तोवर तिचा जीव ठाण्यात हाडं ठेवलेल्या खोक्यात अडकला होता. बाजाराला आली की ती तिथं डोकवायची, नीट ठेवलाय ना म्हणून विचारायची. लेक गेला होता, पण कुठं आहे ते तरी ठाऊक होतं. आज तेही राहिलं नाही.

आरती समजावत होती, की असली कडी कुठंही मिळतात, देवानंद कदाचित जिवंतही असेल. तानुबाईनं मान हलवली.

"मंग हा कोनाचा हाय?"

"मालूम नाई. त्याचा नमुना ठेवला हाय. कोनी शोधत आलं, त जुळवून पाहू."

"तवरिक मले द्या त्याले. मी करतो त्याचं सारं."

"नाई देता येत, मावशी. उद्या त्याची माय आली, त तिले काय देऊ?"

 तानुबाई उठली आणि तिनं एसटी गाठली.

पोलीस पाटलाला फोन गेला होता, त्यामुळे गावात बातमी तिच्याआधी पोचली. शेजारच्या शकुन, माणिकबाई आणि आणखी चार बाया अंगणात येऊन बसल्या होत्या. देवानं गाऱ्हाणं ऐकलं, म्हणाल्या. आता येईलच पोरगा, तोंड गोड कर, म्हणाल्या. तानुबाईनं गुळाचा खडा फोडून प्रत्येकीच्या हातावर ठेवला, आग्रह झाला तेव्हा स्वतःही खाल्ला.

बाया गेल्यावर तिनं दार लोटून घेतलं. मग न्हाणीत जाऊन, ज्याचं नावगाव ठाऊक नव्हतं त्या विहिरीतल्या पोरासाठी, लुगड्यासकट डोक्यावरून गार पाणी घेतलं.