बलुम म्हणजे बघू

मला भाषा चटकन येतात, असं मी वर्षानुवर्षं चारचौघांत सांगत आले. कुणी विचारलं नाही तरी सांगायचे. डोंगरउतारावरची माती कधी घसरेल याचा अभ्यास करणं हे माझं काम, मेलबर्नमधल्या क्लेटनच्या युनिव्हर्सिटीत. त्यासाठी तीन वर्षांपूर्वी इंडोनेशियातल्या जावा बेटाच्या मधल्या डोंगरांत जायचं ठरलं, तेव्हा आमचा प्रमुख कॅलम म्हणाला होता, दुभाषी घेऊन जा. मी म्हटलं, कशाला? सहा महिन्यांत इंडोनेशियन शिकते. शिकलेही. नाकाने कांदे सोलायची हौस मोठी.

पंधरा गावांत घरोघरी प्रश्न विचारायचे होते. त्यांतलं शेवटचं गाव तेगलवुंगू. साठेक घरं आणि चहूकडे उभ्या उतारावर बटाट्याची शेतं. पाणी साचून बटाटा कुजू नये म्हणून सऱ्या वरून सरळ खाली काढलेल्या. पीक वाचतं, पण वरची माती दर पावसात थोडी थोडी खाली जाते. हे त्यांनाही ठाऊक होतं. बटाट्याशिवाय तिथे दुसरं काही पिकत नाही, हेही ठाऊक होतं.

मी सुलास्त्रीकडे राहिले. विधवा बाई, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिच्या घरात तिचा भाचा वाह्यू आणि त्याची बायको असायचे. मला ती ‘इबू इरा’ म्हणायची, म्हणजे आपलं इराबाई. माझ्या बोलण्याला खूप हसायची आणि हसून झालं की उकडलेला बटाटा पुढे करायची. तिथून निघताना मला रडू आलं होतं.

फॉर्मवर अकरावा प्रश्न असा होता: या घराजवळ जमीन सरकली आहे का? पुढे दोन चौकटी, हो आणि नाही. आणि तेगलवुंगूत ज्याला त्याला विचारावं, तो म्हणायचा, ‘बलुम.’

बलुम म्हणजे अजून नाही. शब्दकोशात तसंच दिलंय, मी ते वाचलंही होतं. पण मी पडले शहाणी. गावात सत्तरी ओलांडलेला एक अविवाहित म्हातारा होता. त्याला विचारलं, लग्न झालंय का? तर म्हणाला, बलुम! सगळे हसले. मला वाटलं, सापडली किल्ली. अहो, हा तर आपला ‘बघू’! सिडनीत केलीव्हिलला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीला, दीप्तीला विचारा, मेलबर्नला कधी येतेस? ती म्हणते, बघू गं. नऊ वर्षं बघतेच आहे. तोंडावर नाही म्हणायचं नसलं की माणूस बघू म्हणतो, हे आपल्याला कुणी शिकवायला लागतं का? कॅलमला नसतं कळलं, मला कळलं, याचा कोण आनंद! नोंदींच्या तक्त्यावर मी कोपऱ्यात स्वतःसाठी मराठीत लिहून ठेवलं: ‘बलुम = बघू. नाही धरणे.’ आमच्या टीममध्ये मराठी वाचणारं दुसरं कुणीच नव्हतं.

पंधरा गावांच्या वाट्याला धोक्याची सूचना देणारी यंत्रं होती चार. जिथे ‘हो’ जास्त, तिथे ती बसली. तेगलवुंगूत एकही ‘हो’ नव्हता.

यंदा फेब्रुवारीतल्या एका सोमवारी दुपारी तेगलवुंगूचा वरचा उतार खाली आला. एकोणीस घरं गेली. सुलास्त्रीचं त्यांत होतं. वाह्यू बटाटे घेऊन तालुक्याच्या बाजाराला गेला होता, तो वाचला.

तेव्हापासून मी रोज त्याला फोन करत होते. बुधवारी दुपारी माझी मुलगी नुपूर शाळेतून येऊन स्वयंपाकघरात टोस्ट खात बसली होती. फोन स्पीकरवर होता. मी विचारलं, मावशी सापडली का? तो म्हणाला, ‘बलुम, इबू.’ फोन ठेवून मी श्रीनिवासला, माझ्या नवऱ्याला, सांगितलं, ‘नाही म्हणाला.’

‘ही डिडन्ट से नो, आई,’ नुपूर म्हणाली. ती नववीत आहे आणि इथल्या कित्येक शाळांसारखी तिच्या शाळेतही इंडोनेशियन शिकवतात.

‘अगं, त्यांची पद्धत असते. पोलाइट नाही असतं ते.’

‘नो! नो म्हणजे तिदाक. बलुम म्हणजे इट्स कमिंग. झालं नाहीये, पण होणार आहे. वी डिड धिस इन यर सेव्हन.’

‘आणि तो म्हातारा? लग्न बलुम म्हणणारा?’

‘मे बी ही स्टिल वॉन्ट्स टु गेट मॅरिड,’ ती म्हणाली आणि टोस्टला जॅम लावायला लागली.

 सातवीतल्या पोरांना येणारा शब्द. मी वर जाऊन जुनी रेकॉर्डिंग्ज काढली. सुलास्त्रीचा आवाज जसाच्या तसा होता. माझा प्रश्न, जमीन सरकली आहे का? ती म्हणते, ‘बलुम.’ मग जरा थांबून, ‘तापी...’ म्हणजे पण. आणि त्या ‘पण’वर माझा आवाज येतो, खुशीतला, घाईतला, बाराव्या प्रश्नाचा. मी ते अकरा वेळा ऐकलं. दर वेळी वाटायचं, या खेपेला तरी ही बया गप्प बसेल. एकदाही बसली नाही. बाकीच्या घरांतही तेच. बलुम, बलुम, बलुम. साठ घरांनी मला सांगितलं होतं की डोंगर येणार आहे, आणि मी साठ वेळा नाही लिहिलं होतं.

गुरुवारी सकाळीच कॅलमला गाठलं. सगळा तक्ता नव्याने भरून नेला होता. यंत्र न बसलेल्या उरलेल्या दहा गावांपैकी सहा आता धोक्यात दिसत होती. त्याने शांतपणे ऐकलं. चेहरा पडला त्याचा, खोटं कशाला बोलू? पण म्हणाला, प्रोजेक्ट बंद झालाय, पेपर छापून आलाय, रिव्ह्यू करावा लागेल. ‘लीव्ह इट विथ मी, मेट.’ हा मात्र बघूच होता. हा मी बरोबर ओळखला. मग मी तिथल्या जिल्हा कचेरीला थेट लिहिलं. पोचलं एवढंसुद्धा अजून कुणी कळवलेलं नाही.

राहिला वाह्यू.

‘त्याला सांगून काय मिळणार आहे?’ श्रीनिवास म्हणाला. ‘तू मुद्दाम केलंस का? आत्ता तो माणूस चिखल उपसतोय. तुझं मन हलकं करायला त्याच्या डोक्यावर अजून एक ओझं कशाला?’

त्याचं बोलणं चुकीचं नव्हतं. पण सुलास्त्रीचं उत्तर माझ्याकडे पडून होतं, आणि ते तिच्या माणसांचं होतं. आणि खरं सांगायचं तर मला कुणीतरी शिव्या द्यायला हव्या होत्या. इथे सगळे नुसते पाठीवर हात ठेवत होते.

शनिवारी दुपारी फोन लावला. पलीकडे माती उपसणाऱ्या यंत्राची घरघर होती. मी सुरुवात करायच्या आतच वाह्यू बोलायला लागला. मला बरं वाटावं म्हणून बोलत होता बिचारा.

‘इबू, मावशी तुमचं नाव शेवटपर्यंत काढत होती. दोन दिवस पाऊस थांबत नव्हता. मी बाजाराला निघालो त्या सकाळी माझी बायको म्हणाली, बाळाला घेऊन खाली शाळेत जाते. शेजारचेही निघाले होते. मावशी म्हणाली, घाबरू नका. इबू इराने घरोघर विचारून सगळं लिहून नेलंय. मी तिला सगळं सांगितलंय. तसं काही असतं तर तिने आपल्याला कळवलं असतं. मग सगळे मावशीच्याच घरी थांबले. अकरा जण.’

 एकवार वाटलं, हा चांगुलपणा असाच घ्यावा आणि फोन ठेवावा. कुणाला कळणार होतं?

‘वाह्यू,’ मी म्हटलं, ‘मावशीने मला बलुम सांगितलं होतं. मी नाही असं लिहिलं. म्हणून यंत्र आलं नाही. म्हणून मी कळवलं नाही.’ सोप्या शब्दांत, सावकाश, प्रत्येक वाक्य दोनदा म्हटलं. या खेपेला तरी चूक नको होती.

पलीकडचं यंत्र मध्येच थांबलं. 

‘इबू,’ त्याने विचारलं, ‘तुम्हाला तो शब्द येत नव्हता का?’

‘येत होता.’

‘मग मावशीला विचारलं का नाहीत, कधी सरकणार म्हणून?’

‘मला वाटलं, मला कळलं.’

त्याने आवाज चढवला नाही. शिवीही दिली नाही. तिकडून कुणीतरी त्याला हाक मारली, तो म्हणाला, ‘जातो, इबू. पुढचं घर उघडताहेत,’ आणि फोन ठेवला.

त्यानंतर आजवर त्याने माझा फोन उचललेला नाही.