दहाचा फोन

"लेखी द्या साहेब," मी म्हणाले. "मग बंद करते."

साहेब दारातच उभे होते. "अहो बाई, वरून तोंडी आलंय. काल सीमेवर आपली सहा माणसं मारली त्यांनी. असल्या लोकांशी आता एक शब्दही बोलायचा नाही."

"मी कुठे बोलते? मी आकडे म्हणते."

ते खरंच होतं. सरकारी इमारतीच्या तळघरात आमची एक खोली होती आणि खोलीत एक काळा फोन. त्याला तबकडी नव्हती. तो फक्त शत्रूच्या देशातल्या तशाच एका खोलीत वाजायचा. दोन्ही सरकारांची बोलणी बंद होऊन सात वर्षं झाली होती, पण लाइन चालू आहे की नाही हे रोज तपासायचं, असा जुना करार होता. सकाळी दहाला मी एक ते दहा म्हणायचे. पलीकडचा माणूस दहा ते एक असे उलटे म्हणायचा. नमस्कार नाही की नाव नाही. मग रजिस्टरात सही. सलग तीन दिवस आकडे गेले नाहीत तर लाइन कायमची तोडायची, हेही करारात होतं. त्यांची भाषा मला येत होती, म्हणून मला तिथे बसवलेलं. पलीकडच्याला कायमचा खोकला. मी मनातल्या मनात त्याला खोकलेबुवा म्हणायचे.

माझा धाकटा भाऊ फौजेत होता. तीन वर्षांपूर्वी त्यांनी त्याला पकडून नेलं होतं. त्यानंतर पत्र नाही, निरोप नाही.

"तुमच्या ऑफिसात एवढे फोन," आई जेवताना म्हणायची, "एक तिकडे लावता येत नाही कुणाला?"

"त्यांच्याशी बोलायचं?" वडील ताटावरून मान वर करायचे. ते निवृत्त हवालदार. "आपला पोरगा धरला म्हणून सरकारने त्यांच्यापुढे नाक घासायचं? मी बाप आहे त्याचा. मीच सांगतो, नको."

"बाप आहात, म्हणून म्हणवतंय."

यावर वडील पुढचा घास घ्यायचे नाहीत. आणि मी, त्याच सकाळी पलीकडे फोन करून आलेली, मुकाट्याने भात कालवायचे. गुप्ततेची शपथ घेतली होती ना.

लेखी आदेशासाठी फाइल वर गेली. सभांमधून सगळे गर्जत होते, पण लाइन तोडण्याच्या कागदावर सही करायला कुणाचाच हात पुढे होईना. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली. साहेब रोज येऊन म्हणायचे, "बाई, तुम्ही माझी नोकरी घालवणार." आणि दहाला दोन मिनिटं उरली की बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून स्वतःच दार लावून घ्यायचे.

असे एकोणीस दिवस गेले. विसाव्या दिवशी दुपारी फोन आपणहून वाजला. सात वर्षांत पहिल्यांदा.

"तुमच्या वरिष्ठांना बोलवा," खोकलेबुवा म्हणाला. "आमचे बोलतील."

पुढे तीन महिने बोलणी चालली. पेपरांनी आमच्या नेत्यांना भित्रे ठरवलं. वडील ते मोठ्याने वाचून दाखवायचे, पण हल्ली वाचताना आईकडे बघायचे नाहीत. शेवटी कैदी सोडायचं ठरलं आणि यादी माझ्याच फोनवर आली. साहेब शेजारी बसले होते. खोकलेबुवा नावं सांगत होता, मी लिहीत होते. एक्केचाळीस झाली आणि तो थांबला.

माझ्या भावाचं नाव आलं नव्हतं.

नियमाप्रमाणे मी सगळी नावं परत वाचून दाखवली. एकही चूक केली नाही. याचा मला आजही अभिमान आहे.

"विचारा त्याला," साहेब हळूच म्हणाले. माझ्या भावाचं त्यांना ठाऊक होतं.

"नियमात नाही, साहेब."

त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं, 'विचारावे', खाली सही केली आणि चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. "घ्या. लेखी."

मी विचारलं. खोकलेबुवा वीस मिनिटांनी परत आला. दोन वर्षांपूर्वी, तापाने, छावणीच्या दवाखान्यात. थडग्याचा नंबर त्याने दोनदा सांगितला, नीट लिहून घेता यावा म्हणून.

त्या संध्याकाळी मी शपथ मोडली. घरी सगळं सांगितलं, पहिल्या दिवसाच्या आकड्यांपासून. आई भिंतीला टेकून बसली होती. माझा हात तिने सोडला नाही.

वडिलांनी विचारलं, "किती येतायत म्हणालीस?"

"एक्केचाळीस."

"एक्केचाळीस," ते म्हणाले आणि उठून आत गेले.

सकाळी आई म्हणाली, "आज नको गं जाऊस. एक दिवस नाही गेलीस तर काय होणार आहे?"

मलाही उठवत नव्हतं. तेवढ्यात वडील दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले. त्यांच्या हातात माझा डबा होता. मी नोकरीला लागल्यापासून त्यांनी तो कधी हातात घेतला नव्हता.

"चल," ते म्हणाले. "नऊ वाजून गेले. तो माणूस वाट बघत असेल."

ऑफिसच्या फाटकापर्यंत ते माझ्याबरोबर चालत आले. डबा हातात देऊन म्हणाले, "जा आत." पायऱ्या उतरताना मी वळून पाहिलं. वडील ड्युटीवर असल्यासारखे ताठ उभे होते आणि मनगटावरच्या घड्याळात दहा वाजायची वाट बघत होते.