आत्म्याची सोनोग्राफी

उमापूरच्या बाजारतळावर मांडव उभा राहिला आणि त्यात भलामोठा टीव्ही लागला. समोरच्या पाटावर माणूस बसवायचा, त्याच्या कपाळाला वायर चिकटवायची, की पडद्यावर त्याचा आत्मा हजर! पिवळा, तांबडा, निळा, जांभळा. धुरासारखा वर चढणारा, फुलासारखा उमलणारा. बाया हात जोडत होत्या, गडी आ वासून उभे होते.

"डॉक्टर पोटाची सोनोग्राफी करतो," अंतर्ज्योती महाराज माइकवर गरजले, "आम्ही आत्म्याची करतो! रिपोर्ट जागेवर!"

गेवराईच्या शाळेत चित्रकला शिकवणारी मंजुषा आईला शोधत मांडवात आली आणि पडद्याकडं बघून थबकलीच. हा तर तिचा व्हिडिओ! सुट्टीत माशांच्या रिकाम्या काचपेटीत पाणी भरून, त्यात शाई आणि खायचे रंग सोडून तिनं तो काढला होता. नुसते रंग, ना गोष्ट, ना गाणं. यूट्यूबवर टाकला, तर सख्ख्या मैत्रिणींनीही अर्ध्यात सोडला. आणि इथं अख्खं गाव डोळे फाडून बघतंय! खरं सांगायचं तर क्षणभर तिला गुदगुल्याच झाल्या.

तेवढ्यात पाटावर माजी सरपंच रामकिसनअण्णा बसले. निळ्या ढगातून एक केसाळ पंजा अवतरला. बायांनी किंकाळी फोडली.

"घाबरू नका!" महाराज म्हणाले. "अण्णा मागच्या जन्मी वाघ होते!"

अण्णांनी मिशीला पीळ दिला. मंजुषानं तोंडात ओढणी कोंबली. तो पंजा तिच्या मांजरीचा, मनीचा होता. आत मासे असतील या आशेनं ती पेटीत चाचपत होती.

आई, छबुबाई, पुढंच बसली होती. मंजुषा शेजारी टेकताच ती हळूच म्हणाली, "मंजे, माझा आत्मा जांभळा निघालाय बघ. शुगरच्या गोळ्यांनी नासला म्हणं. गोळ्या बंद केल्यात, तीर्थ घ्यायलेय. पर लई गरगरतंय गं."

मंजुषाचं हसू तिथंच विरलं. ती उठली आणि तरातरा जाऊन पाटावर बसली.

"महाराज, माझाबी आत्मा बघा की."

वायर लागली. पडदा कोरा झाला; व्हिडिओ संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार होता.

"थांबा, मीच सांगते," मंजुषा मोठ्यानं म्हणाली. "आधी पिवळा येईल. मग तांबडा. मग निळा, अन् त्यातून वाघ."

पिवळा आला. तांबडा आला. निळा आला. पंजाही आला.

"ताईबी वाघच का बे?" मागून कुणीतरी विचारलं.

"आमचं मांजर हाय ते!" मंजुषानं वायर ओढली, तर दुसरं टोक टेबलाच्या पायाला बांधलेलं. टीव्हीच्या पाठीमागं मात्र एक पेनड्राइव्ह लुकलुकत होता.

"खोटं! हिनं माझी साधना चोरली!" महाराज ओरडले.

छबुबाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "व्हय? मग मांजरीचं नाव सांगा."

"तिचं... मांजरेश्वरी!"

मांडव हसून हसून लोळला. मंजुषानं घरून काचपेटी आणवली, पाणी भरलं, आपला मोबाइल टीव्हीला जोडला आणि शाईचा एक थेंब सोडला. पडद्यावर निळं झाड उगवायला लागलं.

"शाई पाण्याहून जड असती, म्हणून खाली जाती. जाता जाता कडंनी गुंडाळत फुलती. मी मोबाइल उलटा धरलाय, म्हणून तुमाला ती वर चढताना दिसायली. बास, एवढाच चमत्कार!"

पळ काढायच्या बेतात असलेले महाराजसुद्धा मान वाकडी करून बघत राहिले, म्हणून तर लोकांच्या हाती लागले.

"म्हणजे आमी वाघ न्हवतो?" अण्णांनी पडलेल्या आवाजात विचारलं.

"न्हाई, अण्णा."

"निदान बोका?"

मंजुषानं माइक हातात घेतला. "रंग बघा, खुशाल बघा, लई देखणे असतेत. पण कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडायच्या आधी विचारा, हे झालं कसं? पुन्हा करून दाखव. वायर कुठं जाती ते बघू दे. अन् तब्येतीचं दुखणं डॉक्टरलाच दाखवा. साखर रक्तात असती, पडद्यावर न्हाई."

टाळ्या वाजल्या. छबुबाईनं तीर्थाची बाटली तिथंच काचपेटीत ओतली आणि लेकीचा हात धरला. "चल गं, गेवराईला. दवाखाना बंद व्हायच्या आत रक्त तपासून घेऊ."