उताराकडच्या गाड्या

गाड्या जवळ येताहेत, असं मी पहिल्यांदा बोलले तेव्हा सासूबाई लसूण सोलत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "आणि काय म्हणतात? चहा टाका म्हणतात का?"

नवरा हसला. मीही हसले, कारण बुटकी माझ्याकडे बघत होती. आमच्या लेकीला बोलायला अजून धड येत नाही, पण माझा चेहरा बरोबर वाचता येतो.

आमची इमारत कंपनीच्या जुन्या चाचणी मैदानाच्या टोकाला आहे, जमीन खाली उतरते तिथे. कामगारांसाठी बांधलेली, आता निम्मी रिकामी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आधी नुसतं मैदान दिसायचं. मग वरच्या कडेला एक पांढरी रेघ उमटली, रेघेचा पट्टा झाला. विकल्या न गेलेल्या गाड्या. कारखाना थांबवला तर बाजारात बोभाटा होईल, म्हणून गाड्या बनतच होत्या. शोरूमवाले म्हणत, आमच्याकडे पाय ठेवायला जागा नाही, पाठवू नका. किंमत उतरवावी तर आधी पूर्ण पैसे मोजलेली गिऱ्हाइकं अंगावर येतील. मग मधल्यामध्ये त्या आमच्या खिडकीसमोर येऊन थांबल्या. सगळ्या पांढऱ्या, सगळ्यांच्या सीटवर प्लास्टिक, सगळ्यांची तोंडं आमच्याकडे.

दिवसभर तापलेले पत्रे संध्याकाळी गार व्हायला लागले की मैदानातून टक्, टक् असा आवाज यायचा, आतून कुणी बोटानं वाजवल्यासारखा.

मैदानात एक मोडका दिव्याचा खांब आहे. मी त्याच्यावर नजर ठेवली. आधी तो गाड्यांच्या पुढे एकटा उभा होता. एका सकाळी पहिल्या रांगेत दिसला, दोन गाड्यांच्या मधे. नंतर दुसऱ्या रांगेत. खांब तर चालत नाही.

"अगं, झोप पुरी होत नाही तुझी," नवरा म्हणाला.

"तू या गाड्यांच्याच यार्डात काम करतोस. सांग ना, तू काय करतोस तिथे?"

पूर्वी तो लाईनवर दारं बसवायचा. आता उभ्या गाड्या जिवंत ठेवायचं काम त्याच्याकडे होतं. बॅटरी उतरू द्यायची नाही, टायर बसू द्यायचा नाही. तो बराच वेळ नखातलं ग्रीस काढत राहिला.

"टायर एकाच जागी दबून राहिला की चपटा होतो. म्हणून गाडी अर्धं चाक पुढे ढकलायची आणि पुढच्या खेपेला अर्धं चाक मागे."

"मग?"

"मागे चढ आहे ना. पूर्वी एका गाडीला चौघं असायचो, आता दोघंच. चढावर कोण जीव काढणार? पुढे ढकलतो नि मोकळे होतो. मागे जागा झाली की साहेब नवी रांग लावतात. खूश असतात."

"म्हणजे मी वेडी नाही."

"वेडी कोण म्हणतंय तुला?"

"तुझी आई."

"ती मलाही म्हणते."

"दोघांनाही म्हणते," आतून आवाज आला. "आणि दिवा घालवा तो."

कारण कळलं की भीती जाते म्हणतात. माझी वाढली. भूत असतं तर ते कुठेतरी थांबलं असतं. हे थांबणार नव्हतं. आमच्याकडून मोठ्या रस्त्याला जायला एकच वाट, मैदान आणि कारखान्याची उंच भिंत यांच्या मधून. आणि बुटकीला दम लागतो. बहुतेक वेळा तोंडाला मास्क लावून पंपातलं औषध दिलं की छाती मोकळी होते. एकदा झाली नव्हती, तेव्हा त्याच वाटेनं रिक्षा वेळेत पोचली होती.

"वाट तेवढी सोडा," मी नवऱ्याला म्हटलं. "बाकी खिडकीला येऊन चिकटल्या तरी चालतील."

"वाटेवर कशा लावतील? काहीतरीच तुझं."

शोरूमवाल्यांनी परत पाठवलेल्या गाड्या ज्या दुपारी आल्या, त्या दुपारी बुटकीचा दम सुरू झाला. पंप दिला, थांबले, पुन्हा दिला. बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जात होती. ओठांचा रंग मला आवडेना. अँब्युलन्सला फोन केला आणि तिला कडेवर घेऊन खाली आले, मागून सासूबाई.

वाट नव्हती. भिंतीपासून मैदानापर्यंत गाड्याच गाड्या, नाकाला शेपूट लावून, आरसे मुडपून. मधून मांजर गेलं नसतं. मैदानातल्या फटींतून एकटं माणूस अंग चोरून गेलं असतं, कडेवर पोर घेऊन नाही. दारं उघडायला जागाच नव्हती, लावणारी माणसं डिकीच्या झाकणातून बाहेर पडली असणार. एकही जवळपास नव्हतं. नवरा फोन उचलत नव्हता, कारखान्यात फोन बाहेर ठेवावा लागतो.

अँब्युलन्सवाल्याचा फोन आला. "ताई, मी मोठ्या रस्त्यावर उभा आहे. इथे नुसत्या गाड्या आहेत. वाट कुठंय?"

बुटकीनं रडणं थांबवलं होतं. रडायला श्वास लागतो.

"चढ," सासूबाई म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघतेस? चप्पल काढ आणि चढ!" आणि त्यांनी गुडघ्यावर बसून खांदा पुढे केला.

त्यांच्या खांद्यावर पाय देऊन मी पहिल्या बॉनेटवर चढले. पत्रा पायाखाली दबला, पोळला. टप्. काच, छत, पुन्हा काच, पुढचं बॉनेट. टप्, टप्. धावता येत नव्हतं, घसरायला होत होतं. वायपर तुटला, कुणाची तरी काच तडकली. पोरीचा घसा माझ्या कानाशी शिट्टी वाजवत होता आणि शिट्टी चालू आहे तोवर ठीक आहे, एवढंच मी धरून होते. वरच्या टोकाला अँब्युलन्सवाल्यानं हात पुढे केले आणि तिला घेतलं.

ती वाचली. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं. ते सहज म्हणाले, डॉक्टर म्हणतात तसं.

तिला घरी आणलं त्या दिवशी यार्डाचे साहेब आले. नवरा भिंतीला टेकून उभा राहिला, नोकरी गेल्यातच जमा धरून. साहेबांनी मात्र बुटकीसाठी बाहुली आणली होती.

"किती गाड्यांवरून चाललात, वहिनी?"

"वाटेत होत्या तेवढ्या."

"आठवून बघा. घाबरलेल्या माणसाला भान नसतं. मैदानातल्याही असतील." त्यांनी बाहुलीचे केस नीट केले. "नव्या गाडीची किंमत आम्हाला उतरवता येत नाही. चेपलेल्या गाडीची येते. शिवाय विमा आहे. विम्याचा माणूस येईल. बाईंना भास होतात, गाड्या चालून येतात असं वाटतं, म्हणून त्या वरून फिरतात, एवढं आम्ही सांगू. तुम्ही फक्त नाही म्हणू नका."

भासाचं त्यांना कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही. नवरा जमिनीकडे बघत होता.

"माझ्या सुनेला वेडी म्हणायचा मान माझा आहे," सासूबाई म्हणाल्या. "तुमचा नाही."

"आणि वाट?" मी विचारलं.

"उद्या मोकळी. पुन्हा एक गाडी लागणार नाही. शब्द देतो."

"आधी वाट," मी म्हटलं. "मग मी वेडी."

दुसऱ्या दिवशी वाट मोकळी झाली. रिक्षा बोलावून मी वरपर्यंत जाऊन आले. संध्याकाळी साहेबांनी नवऱ्याला आणि त्याच्या जोडीदाराला बूट काढून मैदानातल्या पुढच्या तीन रांगांवर चालायला लावलं. मी खिडकी लावून घेतली तरी ऐकू येत होतं. टप्, टप्. नवरा घरी आला आणि न्हाणीघरात बराच वेळ पाय धूत बसला.

विम्याचा माणूस तरुण होता, बोलायला मऊ. मला गाड्यांजवळ घेऊन गेला. वाटेवर सासूबाई बुटकीला घेऊन उभ्या राहिल्या.

"पाऊल ठेवून दाखवता का? रागावू नका, विचारावं लागतं."

पुढच्या रांगेतल्या एका बॉनेटवर पाऊल उमटावं तसा खड्डा होता. या गाडीला मी कधी हातही लावला नव्हता. मी चप्पल काढून पाय वर टाकला. टाच टाचेच्या जागी, बोटं बोटांच्या जागी. नवऱ्याचं पाऊल माझ्या दीडपट आहे.

"बरोबर," विम्याचा माणूस हळूच म्हणाला. "बास, ताई."

मी पुढच्या गाडीवर ठेवून पाहिलं. बसलं. त्याच्या पुढच्या. तिसऱ्या रांगेनंतर संपायला हवं होतं, पण चौथ्या रांगेतही खड्डे होते, पाचव्यातही, चढाकडे, जिथे कुणाला पाठवलंच नव्हतं. गाड्यांच्या फटींतून अंग चोरत मी वर वर जात राहिले.

"सूनबाई!" मागून हाक आली. "नाटक पुरे झालं. ये आता."

पाय खाली घेऊन मी वळले. खाली वाट मोकळी होती, पार मोठ्या रस्त्यापर्यंत. सासूबाईंच्या कडेवर बुटकी शांत श्वास घेत होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्याही मागे, चढावर, कुणाला तरी हात हलवत होती.