पावडर बंद झाली तेव्हा

शांतलिंग लोहाऱ्याजवळच्या एका गावात पंचायतीचा पाणीवाला होता. तलावाचं पाणी टाकीत चढवायचं, ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून वरून ओतायची, मग गावाला नळ सोडायचा. उन्हाळ्यात तलाव तळाला गेला की पाणी शेवाळानं हिरवं व्हायचं आणि पावडर टाकताना शांतलिंगचा हात सैल सुटायचा. पाण्याला उग्र वास आला की बायका खूश. वास नाही ते पाणी कच्चं, हे गावाचं शास्त्र! लोकांना भरवसा वाटावा म्हणून टाकीखालच्या तोटीचा पहिला तांब्या तो सगळ्यांसमोर घटाघटा प्यायचा. सगळी हयात त्यानं तेच पाणी प्यायलं.

यंदा त्याच्या लघवीतून रक्त पडलं. सोलापूरच्या डॉक्टरांनी मूत्राशयाचा कॅन्सर सांगितला. तंबाखूला तर त्यानं कधी बोट लावलं नव्हतं. काम काय करता, असं डॉक्टरांनी विचारलं. त्यानं सांगितल्यावर ते म्हणाले, "शेवाळलेल्या पाण्यात क्लोरीन पडलं की काही वाईट पदार्थ तयार होतात. ते वर्षानुवर्षं पोटात गेले तर हा धोका वाढतो, असं काही अभ्यास सांगतात. तुम्हाला त्यानंच झालं, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण पावडर बंद करू नका हं. आधी तुरटी फिरवून पाणी निवळा, मग मापात टाका. पावडरीविना पाणी त्याहून घातक."

गावी परतल्यावर पारावर त्यानं त्यातलं अर्धंच सांगितलं. "पावडरीनं खाल्लं मला."

झालं! दिवेलागणीपर्यंत घरोघरी तीच चर्चा. ग्रामसभेत सरपंच बंडप्पानं छाती काढून जाहीर केलं, "आजपासून पावडर बंद!" टाळ्या पडल्या. शेजारची नागूबाई तेवढी नातीला कडेवर घेऊन उभी राहिली. पोरीची आई ऊसतोडीला गेलेली, म्हणून अर्पिता आजीजवळच होती.

"शांतलिंगदादा, तुमीच सांगा. बिनपावडरीचं पाणी पाजू का पोरीला?"

डॉक्टरांचं बोलणं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण राग आडवा आला. जन्मभर या गावाला जपलं आणि भोग आला आपल्या एकट्याच्या वाट्याला! टाळ्या वाजवणाऱ्यांतला एकही त्याला भेटायला आला नव्हता.

"मला काय इचारता? सरपंचाला इचारा," तो म्हणाला.

गटारातून गेलेला पाइप कुठंतरी फुटलेलाच होता. थोड्याच दिवसांत गावात हगवण-उलट्या सुरू झाल्या. मोठी माणसं सलाईनवर तगली. अर्पिता जीपमध्येच गेली, दवाखाना यायच्या आधी.

तिची माती झाल्यावर नागूबाई शांतलिंगच्या दारात आली. त्याच्या बायकोनं, जगदेवीनं, पुढं केलेल्या तांब्याला तिनं हात लावला नाही.

"दादा, पावडर असती तर पोरगी वाचली असती का?"

"व्हय."

"हे तुमाला ठावं हुतं?"

"डॉक्टरनं सांगितलं हुतं."

"मग त्या दिवशी बोलला का न्हाय?"

खोटं बोलायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. "लई राग आला हुता, नागूबाई. वाटलं, म्या एकट्यानंच का भोगावं?"

नागूबाई रडली नाही, तिनं शिव्याही दिल्या नाहीत.

"चार वर्साच्या लेकरावर राग, दादा?" एवढंच म्हणाली आणि निघून गेली.