बसून बघितलेली खुर्ची

“मला कुठे ठेवायची वेळ आलीच, तर आधी तू तिथे बसून बघ. उभ्या उभ्या बघून हो म्हणू नकोस.”

मोठ्या जाऊबाई हे म्हणाल्या तेव्हा आम्ही दोघी धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होतो. त्या तेव्हा चांगल्या धडधाकट होत्या. “ताई, भलतंसलतं काय बोलता,” मी म्हटलं. तर म्हणाल्या, “चप्पल घेताना पायात घालून चालून बघतेस की नाही? मग?” मी हसून म्हटलं, “बरं बाई, बघेन बसून.”

पुढे त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, वाचाही गेली. समज मात्र शाबूत राहिली. काय हवं-नको ते डोळ्यांनी सांगतात. दीड वर्ष मी त्यांना उचललं, वळवलं, पुसलं. मग माझ्या कमरेचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी मला पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही म्हणून बजावलं. माझ्या मुलाने चौकशी करून एक शुश्रूषागृह शोधलं.

शनिवारी आम्ही दोघं ते बघायला गेलो ती दुपारची, भेटीची वेळ होती. व्यवस्थापकबाईंनी सगळं हिंडून दाखवलं. फरशी लखलखीत. चादरी कोरड्या, कुठे कसला वास नाही. मोठ्या खोलीत ओळीने बसलेल्या बायकांच्या डोळ्यांवर चष्मे, केस विंचरलेले. मुलगा परत परत म्हणत होता, “बघ आई, काकूला इथे काही कमी पडायचं नाही.” मलाही तसंच वाटलं. निघताना सोमवारी येऊन सह्या करायचं ठरलं.

रात्री ताईंना भरवताना त्यांनी चमच्याला तोंड लावलं नाही, नुसतं माझ्याकडे बघत राहिल्या. मी उभ्या उभ्या बघून आले होते.

सोमवारी मुलगा ऑफिसातून परस्पर येणार होता. मी सकाळीच एकटी निघाले. माझं एक व्रत आहे. उठल्यापासून दुपारचे बारा वाजेपर्यंत मी बोलत नाही, मनातल्या मनात जप करते. लग्नाआधीपासून हे चालू आहे. ताई म्हणायच्या, “तुझं मौन म्हणजे आम्हाला रोजची अर्ध्या दिवसाची सुट्टी.” बसून बघायला बोलावं कशाला लागतं, असं मला वाटलं. तिथलं ऑफिस अजून उघडलं नव्हतं. दारावरच्या रखवालदाराने मला ओळखलं, “आत बसा, मॅडम येतीलच,” म्हणाला. मी मोठ्या खोलीत ओळीतल्या एका रिकाम्या खुर्चीवर बसले.

शेजारी एक म्हातारी होती, चिमणीएवढी. तिने माझ्याकडे बघून ओठ हलवले. “पाणी.” मी इकडेतिकडे बघितलं. तांब्या नाही, पेला नाही. त्या अख्ख्या खोलीत प्यायचं पाणी कुठेच नव्हतं.

तेवढ्यात पाळी बदलली आणि नवी आया आत आली. दांडगी, घाईतली. माझ्यासमोर थबकली.

“ही कोण? नवीन आली वाटतं. नाव काय गं तुझं?”

मी हात हलवून नाही म्हटलं.

“बोलत नाही होय. बरंय, तेवढाच कटकटीतून आराम.” तिने माझी पिशवी काढून कपाटात टाकली. मग माझा चष्मा उतरवला. मी तो धरायला गेले, तर माझा हात अलगद बाजूला सारून म्हणाली, “फोडशील. दुपारी माणसं आली की मिळेल.” तिने चष्मा एका पत्र्याच्या डब्यात टाकला. चष्म्यावर चष्मा पडल्याचा आवाज झाला. म्हणजे डबा भरलेला होता. भेटीच्या वेळी त्यातला जो हाताला येईल तो जिच्यातिच्या नाकावर बसत असणार. परवा एकीचा चष्मा तिला फार मोठा होता. मी ते पाहिलं होतं आणि मनाशी म्हटलं होतं, बिचारी किती वाळली आहे.

मी उठायला लागले. “बस. पडलीस तर माझी नोकरी जाईल.” खुर्चीचा पट्टा तिने माझ्या पोटावरून घेतला आणि पाठीमागे बांधला, ऑपरेशनच्या टाक्यांवर. तोंडून एक अक्षर काढलं असतं तर सुटले असते. मी जप धरून ठेवला. ताईंना तर ते एक अक्षरही काढता येणार नव्हतं.

आया वाईट नव्हती. जाता जाता एकीचं नाक पुसलं, एकीच्या अंगावर शाल सरळ केली. पण पंधरा-वीस जणी आणि ती एकटी.

शेजारची पुन्हा म्हणाली, “पाणी.”

“सकाळी मिळालं ना? परत प्यायचं, परत ओलं करायचं, आणि चादरी बदलायला कोण, तुझी सासू येणार?”

परवाच्या कोरड्या चादरी माझ्या डोळ्यांपुढे आल्या. म्हातारीने माझी बाही धरली. तिचे ओठ भेगाळलेले होते. बारा वाजायला अजून बराच वेळ होता.

“त्यांना पाणी द्या,” मी म्हटलं.

इतक्या वर्षांनी सकाळी ऐकलेला माझा स्वतःचा आवाज मलाच परका वाटला. आया मागे सरली. “अगं बाई, तुम्ही बोलता? मग आधी नाही का सांगायचं?” तिने पट्टा सोडला. मग पाणीही आणलं. म्हातारी ते घटाघटा प्यायली, निम्मं अंगावर सांडलं, आणि माझी बाही न सोडता म्हणाली, “उद्या येशील?”

“येईन,” मी म्हटलं.

व्यवस्थापकबाई धावत आल्या. “माफ करा, फार मोठा गैरसमज झाला. तिला वाटलं तुम्ही पेशंट आहात.”

त्यांना वाटत होतं, एवढं सांगितलं की झालं.

मुलगा बाहेर भेटला. मी सगळं सांगितलं. बराच वेळ तो गाडीच्या टपावर बोटं वाजवत राहिला. “तक्रार करू आपण. पण आई, दुसरीकडे तरी वेगळं काय असणार? आणि तुझी कंबर?”

“माहीत नाही,” मी म्हटलं. “ताई घरी राहतील.”

“म्हणजे काकूला उचलायचं मी?”

“तू. आणि पगारी बाई मिळेल तेव्हा ती.”

घरी आल्यावर त्याने शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि ताईंना कुशीवर वळवायला गेला. नीट जमलं नाही. ताई कण्हल्या. तरी मी कानाशी वाकून “बसून बघितलं” म्हटलं, तेव्हा त्यांनी डावा हात माझ्या गालाला लावला.

दुसऱ्या दिवशी पहाटे देवापुढे बसले. मोडलेल्या मौनाची क्षमा मागितली, आणि आजपासून ते सूर्यास्तानंतर पाळीन असं सांगितलं. ताईंची चोचीची पाण्याची बाटली आहे, तशीच आणखी एक घरात होती. ती धुऊन भरली. मुलगा ताईंच्या उशाशी चहा घेऊन बसला होता. त्याने कुठे निघालीस म्हणून विचारलं नाही. मी हळूच दार ओढून घेतलं.