बल्गेरियन दही, मुक्काम लिंबायत

भूपेंद्रने सुरतेच्या पैसेवाल्या वेसूत दह्याची गाडी टाकली, तेव्हा डोकं त्याचं आणि हात कलामामीचे. लिंबायतच्या खोलीत मामी पहाटे दूध तापवायची, त्यात बोट बुडवून दहापर्यंत मोजता आलं की विरजण लावायची आणि मडकी गोधडीत गुंडाळायची. विरजण तिने लग्न होऊन सुरतेत येताना खानदेशातल्या पारोळ्याहून आणलेलं, आजवर एकदाही मरू दिलं नव्हतं. दही असं, की चमचा उभा राहावा!

पण वेसूतले लोक पारोळ्याला काय भाव देणार? भूपेंद्रने मोबाइलवर बघून ठेवलं होतं. ग्रीसमध्ये दही फडक्यात टांगतात, तुर्कस्तानात मीठ घालून पातळ पितात, बल्गेरियात काकडी-लसूण घालून गारेगार वाटीभर खातात. मामी ते ऐकून खो खो हसली होती. "अरे, हा तर आपला चक्का, ते ताक आणि ती कोशिंबीर! एवढ्यासाठी इतक्या लांब कशाला जायचं?"

या पठ्ठ्याने तरीही पाटी रंगवून घेतली, गुजरातीत, ठसठशीत: 'बल्गेरियन दही'. आणि मामीला ठोकून दिलं, पाटीवर तुझं नाव टाकलंय म्हणून. ती कशाला वेसूला येतेय बघायला!

रविवारी मामी आली. लग्नकार्यातलं लुगडं नेसून, केसांना तेल लावून. तिला मराठी वाचता यायचं, गुजराती नाही.

पाटीसमोर उभी राहून तिने भूपेंद्रला आपल्या अहिराणीत विचारलं, "यामा मन्हं नाव कोठे शे रे, भाऊ?"

समोर गिऱ्हाइकं उभी. दही खरंच बल्गेरियाचं ना, असं एक गुजराती बेन विचारत होती आणि भूपेंद्र आत्ताच "एकदम असली" म्हणून चुकला होता. त्याने 'बल्गेरियन'वर बोट ठेवलं. "हे बघ. हे तुझं."

मामीने त्या अक्षरांवरून हात फिरवला आणि हात जोडले. भूपेंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण गिऱ्हाईक होतं ना! तो कपात दही भरत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो मडकी न्यायला गेला. बारा मडकी, बाराही मडक्यांवर चुन्याने तीच गुजराती अक्षरं, वेडीवाकडी.

"डोळ्यांत साठवून आणली होती," मामी म्हणाली. "पारोळ्याला भावाला एक मडकं पाठवते. बघू दे त्याला, बहिणीचं नाव सुरतेत कसं लिहितात ते."

आता मात्र भूपेंद्रचा धीर सुटला. खाली मान घालून त्याने सगळं सांगितलं. हे तुझं नाव नाही मामी, एका देशाचं आहे.

मामीने पाण्याचा तांब्या जवळ ओढला. मग पदराचं टोक ओलं करून पहिलं मडकं पुसायला लागली.

"कलाबाई म्हणजे चारच अक्षरं," ती म्हणाली. "पाटीवर जास्त होती. दिसलं होतं मला. पण तू बोट ठेवलंस ना, मग मी कशाला मोजत बसू?"

ती दुसरं मडकं पुसायला घेत होती. भूपेंद्रने ते हातातून घ्यायला पाहिलं. तिने दिलं नाही.